बंद पेवातली निम्मी हळद

पेवाच्या तोंडावरची माती चार बोटं खचली होती. पेवाचे मालक सखादादा उकिडवे बसून तिच्यावरून हात फिरवत होते. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता.

"दादा, आत पाणी गेलं असेल का?" मी विचारलं.

"गेलं असंल, न्हाईबी गेलं असंल. उघडल्याबिगार कसं कळायचं?"

"मग उघडूया?"

"ह्या पावसात? म्हणजे पाण्याला हाताला धरून आत न्यायचं. आवं, गप ऱ्हावा. वर माती घालतो, ताडपत्री टाकतो. पुढचं पुढं."

पेव म्हणजे जमिनीखालची कोठी. तोंड माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं. सांगलीशेजारी हरिपूरला नदीकाठची माती घट्ट, म्हणून तिथे अशी पेवं खणत. आत पाला लावून हळद सुटी ओतायची, तोंड फरशीने बंद करायचं, वर माती. आत वारा नाही, म्हणून कीड नाही. जमिनीतली ओल धरून हळदीचं वजन थोडं वाढतं, तो व्यापाऱ्याचा वरकड फायदा. अडचण एकच. पेव थोडंसं उघडता येत नाही. एकदा हवा आत गेली की सगळा माल काढून विकावा लागतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी सांगलीच्या एका अडत दुकानात तोलार होतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलायचा आणि वजन सांगायचं, हे काम. पगार तीस रुपये. त्या उन्हाळ्यात मी आणि माझा मित्र नेमगोंडा यांनी भागीत तीस पोती हळद घेतली. नेमू नदीपलीकडच्या गावचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. सातारा जिल्ह्यातल्या गावांत फिरून खरेदी त्याने केली. निवड आणि तोल माझा. पोत्याला पन्नास रुपये पडले. दोघांनी साडेसातशे-साडेसातशे घातले. माझ्या वाट्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या.

करार वहीच्या एका पानावर मावला. खर्च निम्मा, नफा निम्मा, नुकसान निम्मं. नेमूचा प्रवासखर्च सामाईक. मेहनतीचा मोबदला कुणालाच नाही. खाली दोघांच्या सह्या. माल कधी विकायचा, ते त्या पानावर नव्हतं. दिवाळीच्या आसपास, असं दोघांनी गृहीत धरलं होतं.

माती खचलेली मी पाहिली तो सोमवार. मंगळवारी नेमू दुकानात आला. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरला होता.

"आबांना मिरजेला दवाखान्यात ठेवलंय," तो म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील. "मुतखडा हाय. डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांच्या आत ऑपरेशन करा. उशीर केला तर आमी जबाबदार न्हाई."

"किती लागतील?"

"पाचशे. दत्तू, पेव उघडू. आज साठचा भाव हाय म्हणं."

भाव साठ होता, हे खरं. पण या पावसात पेव उघडलं आणि माल भिजलेला निघाला, तर माझ्या पाटल्या गेल्या. पाऊस सरेपर्यंत वाट पाहिली तर माल एखादेवेळेस कोरडा काढता येईल, भावही चढेल. हे सगळं मनात आलं. खचलेल्या मातीबद्दल मात्र मी बोललो नाही. म्हणालो, "उद्या सांगतो."

संध्याकाळी शेटना विचारलं. ते माझे मालक. तराजूवर दोन्ही पारडी सारखी झाल्याशिवाय न बोलणारा माणूस.

"त्याचा वाटा तूच घे की," ते म्हणाले. "पैसे मी देतो. शेकडा एक रुपया महिना व्याज."

"भाव काय लावू?"

"जुनी रीत आहे. एकानं भाव सांगायचा. दुसऱ्यानं ठरवायचं, त्या भावानं घ्यायचं का द्यायचं. म्हणजे सांगणारा खोटं बोलत नाही. जास्त सांगितलं तर त्याच्याच गळ्यात पडतं, कमी सांगितलं तर माल जातो."

रीत मला पटली. बुधवारी नेमूला सांगितली. मग भाव सांगितला. पोत्याला पंचेचाळीस.

नेमूने माझ्याकडे पाहिलं.

"पन्नासला घेतली. बाजार साठचा. आन तू पंचेचाळीस म्हणतोस?"

"तुला परवडत नसेल तर तू घे माझा वाटा. त्याच भावानं. रीतच तशी आहे."

"कशानं घेऊ रं? माझ्याकडं पैसा असता तर हितं चिखल तुडवत आलो असतो व्हय? तुज्या रितीत मला दोन दारं हायत, पण एकाला बाहेरनं कुलूप हाय." तो उठला. "लय खाली बोललास गड्या. परका अडत्या साठनं घेतो, तू दोस्त असून पंचेचाळीस."

त्याला थांबवण्यासाठी खरं सांगावं लागलं. माती खचली आहे. आत पाणी गेलं असेल. सोमवारी पाहिलं.

"सोमवारी?" तो म्हणाला. "काल मी हितं बसलो तवा तुला ठाऊक हुतं?"

"हो."

"आन बोलला न्हाईस."

"भीती वाटली."

"तुला पाटल्यांची भीती वाटली. मला आबांची वाटत न्हाई व्हय?"

शेट गादीवरून सगळं ऐकत होते. मध्ये पडले नाहीत.

मग आम्ही वही काढली. वाटा विकायचा नाही, असं ठरलं. न पाहिलेल्या मालाचा भाव दोघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हता. शेटकडून पाचशे रुपये मी माझ्या नावावर उचलायचे आणि नेमूला अ‍ॅडव्हान्स द्यायचे. पेव दिवाळीनंतरच उघडायचं. निघेल ते निम्मं-निम्मं. त्याचा वाटा पाचशेपेक्षा कमी निघाला, तर फरक त्याने मला परत करायचा.

"सगळी हळद कुजली असली तर?" मी विचारलं.

"तर दोन वर्सं तुज्याकडं राबतो. लिव्ह."

गुरुवारी तो पैसे घेऊन मिरजेला गेला. शनिवारी ऑपरेशन झालं.

पुढचे तीन महिने मी दर सुटीच्या दिवशी हरिपूरला चालत जात होतो. एकदा माती पुन्हा दोन बोटं बसली. त्याच दिवशी नेमूला निरोप पाठवला. नदीचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढलं, तेव्हा तोही आला. दोघे छत्रीखाली उभे राहून ताडपत्रीकडे पाहत होतो. करण्यासारखं काही नव्हतं.

"आबा बरे हायत," तो म्हणाला. "भाकरी मागत्यात."

दिवाळीनंतर पेव उघडलं. फरशी पहाटे काढली. लगेच आत उतरत नाहीत, कारण आतली हवा माणूस मारते. सखादादांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. अर्ध्यावरच विझला. दुपारी पुन्हा सोडला, तेव्हा तळापर्यंत जळत गेला. हमाल उतरला. नेमू तोंडाशी पालथा पडून खाली पाहत होता.

"काय हाय रं?"

"वरची काळी पडलीय!" खालून आवाज आला. मग हळद उकरल्याची सळसळ. "एका अंगाचीच! खालची खणखणीत हाय!"

काळी निघाली ती चार पोती. रंगवाल्याने ती दहा-दहा रुपयांना नेली. उरलेल्या सव्वीस पोत्यांची वजनात सत्तावीस भरली. ती चौसष्टच्या भावाने गेली. सगळे मिळून सतराशे अडुसष्ट रुपये आले. पेवाचं भाडं, हमाली, ताडपत्री मिळून अडुसष्ट गेले. प्रत्येकी साडेआठशे.

तीन महिन्यांचं व्याज पंधरा रुपये झालं होतं. मी ते सामाईक खर्चात धरायला निघालो. थांबल्यामुळे चार रुपये भाव चढला होता, त्यात माझाही फायदा होता.

"न्हाई," नेमू म्हणाला. "बाप माझा, व्याज माझं. त्यात तुजा निम्मा कशाला?"

पाचशे आणि पंधरा वजा जाता त्याला तीनशे पस्तीस दिले. पाटल्या सोडवल्या.

त्यानंतर दुकानात मी अनेकांच्या भागीदाऱ्या जुळताना आणि मोडताना पाहिल्या. खर्च आणि नफा कसा वाटायचा हे सगळे लिहितात. एकाला मध्येच पैसा लागला तर काय, हे फार थोडे लिहितात. शेटची रीतही चुकीची नव्हती. दोघांच्या खिशात पैसा असेल तरच ती चालते, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा भागी केली. या वेळी पान नेमूने माझ्याकडून लिहवून घेतलं. जुन्या अटी तशाच ठेवल्या. अडचणीत अ‍ॅडव्हान्स मिळेल, व्याज अ‍ॅडव्हान्स घेणाऱ्याने भरायचं, ही एक वाढवली. मग तो म्हणाला, "आनखी एक लिव्ह. मालाचं बरंवाईट ज्याला दिसंल, त्यानं दुसऱ्याला त्याच दिवशी सांगायचं."

मी लिहिलं. त्याने वाचून पाहिलं, पेन पुन्हा माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ह्या अटीखाली सही तुजी एकट्याची."