नंतर आठवण करा

माझ्या संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उगवत असे. ब्राउझरची नवी आवृत्ती उपलब्ध आहे, असे ती सांगे आणि खाली दोन बटणे देई. एकावर लिहिलेले असे ‘आत्ता अद्ययावत करा’, दुसऱ्यावर ‘नंतर आठवण करा’. ‘नाही’ असे तिसरे बटण कोठेही नव्हते.

दिवाणी न्यायालयाच्या दाखल विभागात माझे सारे सेवाआयुष्य गेले. आलेला दावा किंवा अपील मुदतीत आहे की नाही हे तपासणे हे माझे काम होते. नोटिशीत माणसाला नकार देण्याची जागा ठेवली नसेल तर ती नोटीस नव्हे, दमदाटी होय, हे मी तेथे शिकलो. शिवाय ‘आत्ता’ या बटणाखाली बारीक अक्षरांत असे लिहिलेले असे की पुढे जाण्याने आपण आमच्या अटी मान्य करता. त्या अटी मी उघडून पाहिल्या. पाने सरकवता सरकवता बोट दुखू लागले तरी शेवट येईना. न वाचता दिलेली संमती ही संमती नव्हे. म्हणून मी त्या कंपनीच्या भारतातील पत्त्यावर पोचपावतीसह नोंदणीकृत पत्र पाठवले. त्यात तीन गोष्टी मागितल्या: अटींची मराठी प्रत, प्रत्येक अद्ययावतीकरणात नेमके काय बदलते याचा खुलासा, आणि ‘नाही’ हे बटण. उत्तर येईपर्यंत मी अद्ययावत करणार नाही, हेही त्यात स्पष्ट नमूद केले.

पोचपावती परत आली नाही. मी स्मरणपत्र पाठवले. त्याचीही पोचपावती आली नाही. चौकट मात्र रोज सकाळी येत राहिली आणि मी रोज सकाळी ‘नंतर’ दाबत राहिलो.

“त्या कंपनीच्या साहेबाला रोज तुमचीच काळजी,” माझी पत्नी म्हणे. “एवढ्या वेळा तर मुलगाही विचारत नाही.”

आमचे गाव इस्लामपूर आणि शिराळा यांच्या मध्ये, उसाच्या पट्ट्यात आहे. गावाच्या तिठ्यावर माझ्या शाळासोबत्याची पत्र्याची शेड होती. तो पिंजारी. त्याच्या वडिलांनी तेथे धनुकलीने कापूस पिंजला, त्याने यंत्र आणले, पण गाद्या आणि रजया त्याच जागेवर, त्याच चिंचेखाली शिवल्या. पंचक्रोशीतील मुलींच्या लग्नातल्या गाद्या त्याच्या हातच्या असत. तो संध्याकाळी शेड बंद करून माझ्याकडे चहाला येई, तेव्हा भुवयांवर कापसाचा भुगा असे आणि तो जन्मापासूनच म्हातारा असल्यासारखा दिसे. मला तो गमतीने वकील म्हणत असे. मी वकील नव्हतो, हे मी त्याला सांगून सांगून दमलो होतो.

एकदा त्याने ती चौकट पाहिली.

“काय रं वकिला, ह्यो डबा काय मागतोय?”

मी सारे समजावून सांगितले. संमती, अटी, पोचपावती.

तो खो खो हसला. “लय झालं! आरं, दर साल गादी पिंजायला आनतूस न्हवं माझ्याकडं? गाठी हुत्यात म्हनून? मग ह्याला का न्हाई?”

“गादी माझ्याकडून सह्या घेत नाही,” मी म्हणालो.

“ते बी खरं हाय,” तो म्हणाला आणि बशीतला चहा ओढू लागला.

त्यानंतर काही महिन्यांनी तिठ्याच्या रस्तारुंदीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात नव्या रस्त्याची रेघ थेट त्याच्या शेडमधून गेली होती. जागा त्याची वडिलार्जित, उतारा त्याच्या नावावर. मोबदला मिळणार होता, तो प्रश्नच नव्हता. तिठा सोडला तर त्याच्याकडे कोण येणार, हा प्रश्न होता. गादी पिंजायला माणूस बाजारच्या दिवशी एसटीतून उतरतो आणि समोर दिसेल तेथे गाठोडे टाकतो. आडगल्लीत शोधत कोणी जात नाही. तयार गाद्यांच्या दुकानांनी त्याचे निम्मे काम आधीच खाल्ले होते. जे उरले होते ते त्या चिंचेच्या जोरावर उरले होते.

आराखड्याचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला. त्या दिवशी तो वकील म्हणाला नाही.

“गड्या, एवढं तू बघ. मला त्यातलं काय कळत न्हाई. तू हायस म्हनून मी गप झोपतो.”

मी पाहिले. आणि मला जे सापडले ते भक्कम होते. जुन्या मोजणीच्या नकाशात रस्त्याची हद्द चिंचेच्या पलीकडच्या अंगाला होती. नव्या आराखड्यात ती कोणीतरी अलीकडे ओढली होती. पलीकडे सगळी पडीक जागा होती, एक भिंतसुद्धा पाडावी लागली नसती. मी नकाशाची प्रमाणित प्रत मिळवली. हरकतीचा मसुदा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. इतका नेटका मसुदा मी न्यायालयात असतानाही पाहिला नव्हता. सोबत्याने तो ऐकला, डोळे मिटून, एखादे पारायण ऐकावे तसा. शेवटी म्हणाला, “ह्यात माझ्या बापाचं नाव दोनदा आलंय.” त्याला तेवढेच आवडले होते.

मसुदा तयार होऊनही मी तो लगेच दाखल केला नाही. यामागे कारण आहे. आमच्या न्यायालयातील जुने, मुरलेले वकील कोणताही महत्त्वाचा कागद शेवटच्या दिवशीच दाखल करीत. आधी दाखल केला की समोरच्याला उत्तर शोधायला वेळ मिळतो. ही रीत माझ्या अंगात इतकी भिनलेली आहे की विजेचे बिलसुद्धा मी शेवटच्या तारखेला भरतो. आराखड्याच्या नोटिशीत म्हटले होते की हरकती केवळ ऑनलाइन स्वीकारल्या जातील. शेवटची तारीख दिली होती, वेळ दिली नव्हती.

शेवटची तारीख नागपंचमीला आली.

आमच्या भागात नागपंचमी म्हणजे साधा सण नव्हे. शिराळ्याच्या रस्त्याला सकाळपासून वाहनांची रांग लागते, गावे रिकामी होतात. कार्यालयांना स्थानिक सुट्टी असते. घरोघरी त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. आमच्याकडे पुरणाची दिंडे उकडली होती आणि त्यांचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता. मी दक्षता म्हणून संगणक सुरू केला आणि हरकतींचे संकेतस्थळ उघडले.

ते उघडले नाही. पांढऱ्या पानावर एवढेच आले: ‘आपण वापरत असलेल्या ब्राउझरची आवृत्ती जुनी आहे. कृपया अद्ययावत करून पुन्हा प्रयत्न करा.’

सोबती तेव्हा माझ्यापाशीच बसला होता. दिंडे खायला तो दर नागपंचमीला येई. माझी पत्नी म्हणे, ईदेचा शीरखुर्मा आपण सोडत नाही, तर त्याने दिंडे का सोडावीत.

“काय म्हनतंय?” त्याने विचारले.

“ब्राउझर जुना म्हणून दाराशीच अडवून ठेवले आहे,” मी म्हणालो. “पण काळजी करू नकोस. आज सुट्टी आहे. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल आणि कार्यालय बंद असेल, तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेले कृत्य मुदतीत धरले जाते. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात ते स्वच्छ लिहिले आहे. माझ्या टेबलावरून अशी शेकडो प्रकरणे गेली आहेत. उद्या सकाळी मी हे अद्ययावत करतो, निषेध नोंदवून आणि हक्क राखून, आणि हरकत दाखल करतो.”

“आज कापसाला बी हात लावत न्हाई मी,” तो म्हणाला. “पर डब्याला असती व्हय रं सुट्टी?”

“तव्याला आहे,” माझी पत्नी आतून म्हणाली. “डब्याचं तुम्ही दोघं बघा.”

आम्ही तिघेही हसलो. त्याने आणखी एक दिंड मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी एका कागदावर लिहिले की सदर अद्ययावतीकरण मी माझ्या सर्व हरकती अबाधित ठेवून करीत आहे. तारीख घालून सही केली. मग ‘आत्ता’ दाबले. एक गोल फिरला, ब्राउझर बंद झाला, पुन्हा उघडला. पत्नीने ठेवलेला चहा अजून पिण्याजोगा गरम होता. ज्याला मी दोन वर्षे अडवून धरले होते ते एवढेच होते.

संकेतस्थळ आता लखलखीत उघडले. चित्रे आली, चिन्हे आली, ‘हरकती व सूचना’ हे बटणही आले. ते दाबल्यावर एकच ओळ आली: ‘हरकती दाखल करण्याचा कालावधी समाप्त झाला आहे.’

मी मसुदा, नकाशा आणि अधिनियमाची प्रत घेऊन सांगलीची एसटी धरली. संबंधित कार्यालयाचे नाव मी येथे घेत नाही. खिडकीवर एक तरुण बाई होत्या, आणि त्या वाईट बोलल्या नाहीत, हे मला न्यायाने सांगितले पाहिजे.

“आजोबा, कागद घ्यायची आमच्याकडं सोयच नाही आता.”

“काल कार्यालय बंद होते,” मी म्हणालो. “त्यामुळे कायद्याने आजचा दिवस मुदतीत धरला पाहिजे.”

“कार्यालय बंद होतं. पोर्टल चालू होतं की. काल पण लोकांनी हरकती टाकल्यात.”

“मग माझी हरकत नाकारल्याचे मला लेखी द्या.”

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, “लेखी पाहिजे असेल तर त्याचा अर्जही पोर्टलवरच करायचा असतो.”

मागे उभ्या असलेल्या कोणीतरी हसू दाबले. मी हरकत त्याच दिवशी सांगलीहून नोंदणीकृत डाकेने पाठवली. पुढे तिला उत्तर आले, हे विशेष. विहित पद्धतीने व विहित मुदतीत प्राप्त न झाल्याने आपली हरकत विचारात घेता आली नाही, असे त्यात होते. मी वर लिहिले, त्याच्याही वर लिहिले. प्रत्येक पत्रात एकच प्रश्न विचारला: जे कार्यालय कधीच बंद होत नाही त्याच्या मुदतीत सुट्टी कशी मोजायची, हे कायद्याने कोठे सांगितले आहे? याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. माझे कायद्याचे वाचन बरोबर आहे असे माझे मत आजही आहे. चुकीच्या दारावर बरोबर किल्ली घेऊन उभे राहण्याचा अनुभव ज्याने घेतला नाही, त्याला हे वाक्य कोरडे वाटेल.

पण सांगलीहून परत आलो त्या संध्याकाळचे सांगायचे राहिले. एसटीतून उतरलो तो तिठ्यावरच. यंत्र चालू होते, शेडमध्ये धुक्यासारखा कापूस उडत होता. मला पाहून त्याने यंत्र बंद केले. कापूस खाली बसायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही एकमेकांना नीट दिसलो नाही आणि मी त्याच वेळात सारे सांगून टाकले.

“म्हंजी,” तो म्हणाला, “घेतलं न्हाई.”

“घेतले नाही. पण उच्च न्यायालयात जाता येईल. मुद्दा भक्कम आहे. मी सगळी कागदपत्रे करून देतो.”

“न्हाई गड्या.” त्याने कपाळावरचा कापूस पुसला. “आता कुठं कोर्टात फिरू? माझं गुडघं बघ. तू केलंस न्हवं तुझ्या परीनं. ऱ्हाऊ दे.”

मी आणखी बोलू लागलो. कलमे सांगू लागलो. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी मध्येच थांबलो. त्या नजरेत राग असता तर मी उत्तर दिले असते. मग त्याने पुन्हा यंत्र चालू केले. एका नवरीची गादी त्याला दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

उन्हाळ्यात यंत्रे आली आणि शेड पाडली. चिंचही गेली. पलीकडची पडीक जागा अजून तशीच पडीक आहे. तेथे गाजरगवत माजले आहे आणि कडेच्या काटेकुंपणाला वाऱ्याने अडकवलेला कापूस पावसाळ्यापर्यंत दिसत होता. सोबत्याने पिंजण्याचे यंत्र भंगारात घातले आणि मुलीकडे रहिमतपूरला राहायला गेला. जाताना वडिलांची धनुकली कोठे ठेवायची ते त्याला सुचेना. माझ्याकडे ठेव, असे म्हणण्याचा मला धीर झाला नाही. ती त्याने बरोबर नेली. मुलीच्या दोन खोल्यांत ती कोठे टांगली असेल, मला माहीत नाही.

आता मी ब्राउझर अद्ययावत ठेवतो. सकाळी आधी तेच करतो. त्या कंपनीशी माझा पत्रव्यवहार चालू आहे, तो मी सोडलेला नाही, पण उत्तराची वाट न पाहता मी बटण दाबतो. मग आवृत्तीचे पान उघडून पाहतो. तेथे लिहिलेले असते की आपला ब्राउझर अद्ययावत आहे. दाखल करायला माझ्याकडे काही नसते.

कधी कधी रहिमतपूरहून त्याचा फोन येतो. मुलीची, नातवंडांची चौकशी होते. गुडघ्यांची होते. मग तो विचारतो, “काय रं वकिला, डबा काय म्हनतोय आज?”

“अद्ययावत आहे म्हणतो.”

“मग बरं हाय,” तो म्हणतो.

मग त्याच्या बाजूने नातवंडांचा गलका ऐकू येत राहतो. पूर्वी शेडमध्ये आमच्या बोलण्यात खंड पडला की तिठ्यावरची एसटी हॉर्न देत असे आणि तो म्हणे, थांब, गिऱ्हाईक आलं वाटतं. आता त्याला उठून जावे लागत नाही. फोन मीच ठेवतो.