शेरडांनी चाटलेली खोली

धारूरच्या डोंगराखालच्या वस्तीवर भामाबाईला सगळे ओळखत ते दुधाचे कॅन धुणारी म्हणून. बायकांनीच काढलेली दूध संस्था. भामाबाई तिची सभासदही होती आणि रोजचे कॅनही तीच घासायची. बाई तोंडाची फटकळ. पण एक बोल मात्र तिनं तीन वर्षं गिळून ठेवला होता.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात तिनं लेक शिवकन्येला आणि जावयाला बोलावलं होतं. सोबत विहीणबाई, छबुबाईही आल्या. पुरणाचे धोंडे झाले, जावयाला ओवाळून झालं, पण पाठ टेकायला जागा कुठं होती? एकुलत्या खोलीत चूल, कणगी आणि माणसं, ओसरीवर शेरडं. संध्याकाळच्या एसटीत चढता चढता छबुबाई म्हणाल्या, "माहेर कसलं बाई, एसटीचा थांबा हाय. खायचं अन् गाडी धरायची."

शिवकन्येनं मान खाली घातली. लेकीची ती खाली गेलेली मान भामाबाईच्या काळजात रुतून बसली. पुढच्या धोंड्याआधी परसात पाहुण्यांची खोली उभी करायचीच, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं.

आणि पुढचा धोंडा आला तो नेमका दुष्काळात. तलाव आटला होता म्हणून गाळ फुकट मिळाला, पांढरी माती गावठाणातली, दगड माळावरचे. अडलं ते पाण्यावाचून. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, माणसी दोन घागरी. "प्यायला पाणी न्हाई अन् हिला चिखल मळायचाय," असं म्हणत लोक खुशाल हसायचे.

भामाबाई संस्थेच्या सभेत उभी राहिली. "कॅन धुतलेलं पाणी रोज नालीत जातंय. ते मला द्या."

"कावून? तुलाच का? समद्यांचं हाय ते," मागून कुणी तरी म्हणालं.

अध्यक्ष रतनबाईंनी चष्मा वर केला. "इतकी वर्षं नालीत गेलं तवा न्हाई आठवलं कुणाला! जी धुती, तिचं पाणी." एकेक करत सगळे हात वर झाले.

मग काय, रोज दोन खेपा. त्या पांढुरक्या पाण्यात माती भिजवायची, जनावरं तोंड लावत नाहीत ते कुसळी गवत त्यात घालायचं आणि पायानं तुडवायचं. भिंत कमरेइतकी झाली आणि एका सकाळी भामाबाई बघते तर काय, घरची सात शेरडं रांगेनं भिंत चाटत उभी! दुधाचा वास लागलेला. खालचा थर पार खरवडून निघाला होता.

नवरा आसाराम पोट धरून हसला. "खोली बांधतीस का शेरडांला चाटण लावतीस?"

भामाबाई आधी शेरडांवर ओरडली, मग नवऱ्यावर, आणि मग तिलाही हसू आवरेना. पण हात टेकणाऱ्यातली ती नव्हे. कडुलिंबाचा पाला उकळून तिनं शेणात कालवला आणि भिंत आतून-बाहेरून लिंपून काढली. शेरडांनी एकदा जीभ लावली आणि परत त्या बाजूला फिरकली नाहीत. वर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि त्यावर मातीचं माळवद चढलं, ते धोंडा लागायच्या चार दिवस आधी.

पाहुणे आले. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि खोलीत कसं गार! छबुबाई दुपारी आडव्या झाल्या त्या दिवेलागणीलाच उठल्या. एक दिवस झाला, दोन झाले. शिवकन्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून बोलत राहिली, लग्नानंतर पहिल्यांदाच घाई न करता. तिच्याकडे बघून भामाबाईला वाटलं, सगळ्या कष्टांचं चीज झालं.

तिसऱ्या दिवशी वाटेवर एसटीचा हॉर्न वाजला.

"विहीणबाई, गाडी आली बरं का," भामाबाईनं मुद्दामच हाक मारली.

"जाऊ द्या हो," छबुबाई कूस बदलत म्हणाल्या. "ह्या गारव्यातून कोण उठतंय? लई झोप लागती बाई तुमच्या घरी."

भामाबाई पदर खोचून तरातरा वाटेवर गेली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ड्रायव्हरला म्हणाली, "जा बाबा, जा! आमचे पाव्हणे मुक्कामाला हायेत!"