घरमालकांनी फोडलेला पेपर

धारणीच्या जंगलापासून शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांपर्यंत सगळा अमरावती जिल्हा पालथा घातला तरी आमच्या घरमालकांइतका खरं बोलणारा माणूस सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर त्याला भाडेकरू मिळायचे नाहीत. आम्ही मिळालो, कारण आम्ही लांबचे. गडहिंग्लजकडची माणसं. नवऱ्याची नोकरी मेळघाटात मोबाइलचे टॉवर दुरुस्त करण्याची, तो आठवडाभर तिकडे आणि रविवारी घरी, म्हणून अमरावतीला राजापेठेत खोली बघायला आलो. घरमालकांनी वरची खोली उघडली आणि म्हणाले, "उन्हाळ्यात लय तापते. न्हाणीचं दार लागत नाही. टाकीत मागच्या महिन्यात कबूतर पडलं होतं, काढलं. घेता का?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, घेऊ या. जो माणूस कबूतर लपवत नाही, तो पुढे काय लपवणार?

खालच्या मोठ्या खोलीत ते दहावीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेत. सगळी गल्ली त्यांना सर म्हणे, आम्हीही सरच म्हणू लागलो. वय अठ्ठावन्न, लग्न नाही. एकदा मुलगी बघायला गेले होते म्हणे. मुलीच्या वडिलांनी विचारलं, पसंत आहे का? सर म्हणाले, "पोहे पसंत आहेत. पोरीले तर आत्ता दहाच मिनटं पाहिलं." त्यानंतर कोणी बोलावलं नाही आणि ह्यांनी वाट पाहिली नाही. राजापेठेतल्या गाड्यांच्या हॉर्नचा त्यांना भारी त्रास, म्हणून वऱ्हाडातल्या मे महिन्यातसुद्धा कानांत कापूस आणि वर कानटोपी घालून भाजीला निघत. उन्हाने लाल झालेला तो कानटोपीवाला चेहरा बघून नवीन माणूस रस्ता सोडून बाजूला होई. माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या त्यांनी मान्य केल्या होत्या. एकदा गप्पांच्या नादात चौथी झाली, तर जिन्यात पावलं वाजली. "ताई, चौथी कायची होती?" मी म्हटलं, चुकून झाली हो. "बरं," म्हणाले आणि उतरले. रागावले नव्हते. त्यांना फक्त कळायला हवं होतं.

शेजारच्या मुलाच्या लग्नाचं तर गल्ली अजून सांगते. पत्रिकेत मुहूर्त सहा वाजून पस्तीस मिनिटांचा छापलेला. इकडे छापलेला मुहूर्त म्हणजे साधारण त्या सुमारास नवरदेवाची दाढी सुरू होते, हे मला परक्या मुलखातून येऊन वर्षभरात कळलं होतं. सरांना इथेच जन्म काढून कळलं नव्हतं. सहा पस्तीसला हॉलमध्ये आचारी आणि सर. सरांनी खिशातून अक्षता काढल्या, रिकाम्या स्टेजवर टाकल्या आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसाची गणितं काढत बसले. नवरदेवाची आई दुसऱ्या दिवशी भांडायला आली. "सर, तुमी लग्नाले आलेच नाही!" सर म्हणाले, "मी आलो होतो. नवरदेव नव्हता." बाई तोंडात पदर धरून हसत परत गेली.

जेवणाचा डबा मी त्यांना वरून देऊ लागले तेव्हा ते रोज निकाल सांगत. "आज वरण फसलं." माझा चेहरा पडलेला दिसला की जरा विचार करून म्हणत, "पण काल फसलं नव्हतं." एवढ्याने माणसाचं समाधान होतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता, आणि खरं सांगते, माझं होई. बोलताना मान ताठ, नजर थेट समोर रोखलेली, आणि दोन-तीन क्षणांत एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे. मला वाटायचं, क्लासची घाई असेल.

माझी तनू तेव्हा सहा वर्षांची. बोलायची, पण आमच्याशीच, आणि तेही मोजकं. हाक मारली तर वळायची नाही. क्लासच्या मुलांच्या चपला ओसरीत ढिगाने पडत, त्या ती लहान-मोठ्या अशा ओळीत लावून ठेवी. मुलं हसायची. एक दिवस सर बाहेर आले, कंबरेवर हात ठेवून ओळ बघत राहिले. मी धावले, आता ओरडा बसणार म्हणून. सरांनी वाकून एक जोड उचलला आणि दोन घरं मागे ठेवला. "ही सात नंबरची आहे. सहाच्या मांगं येते." तनूने बघितलं, मान हलवली. झाली दोस्ती. त्या दिवसापासून चपलेला हात लावणाऱ्या पोराला सर वर्गाबाहेर उभं करू लागले.

शाळेत मात्र तनूचं जमेना. घंटा झाली की कान दाबून वर्गाबाहेर पळे. एकदा फाटकापर्यंत गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं आणि समजुतीने सांगितलं की हिची ऑटिझमची, एडीएचडीची तपासणी करून घ्या, अकोल्याला एक चांगल्या मॅडम आहेत, त्यांचा रिपोर्ट आणा. रिपोर्ट असेल तर हिच्यासाठी वेगळ्या बाई देता येतील. नसेल तर आम्हाला सांभाळणं अवघड आहे, पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघावी लागेल. बाईंनी नीटच सांगितलं होतं. पण मी आठवीतून शाळा सोडलेली. तपासणी म्हटलं की मला परीक्षाच ऐकू येते. घरी येऊन जिन्यातच बसले. माहेर इतकं लांब, नवरा टॉवरवर. सर कानटोपी काढत आले. "रडून राहिले काहून?" मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "अवं, परीक्षा आहे तर तयारी करू! पोरगी हुशार आहे. आपण काय इथं बसून वांगे विकून राहिलो का?"

राजापेठेत राहून दुसरं काय सुचणार? इथे डाव्या हाताला क्लास, उजव्या हाताला क्लास, खांबाखांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. इथे रिपोर्ट म्हणजे मार्क, आणि मार्क चांगलेच हवेत.

पहिल्या वेळी अकोल्याला गेलो तेव्हा मॅडमनी मलाच आत घेतलं. तनू कधी रांगली, कधी बोलली, कशाला घाबरते, सगळं विचारलं, लिहून घेतलं. सोबत आलेले सर तनूला घेऊन बाहेर बसले होते. मी बाहेर आले तर त्यांच्या मांडीवर वही, आणि बाकावरचे सगळे आईबाप त्यांच्याभोवती. "तुमच्या पोट्ट्याले काय विचारलं? बाहुलीचं काय करा लागते? साबणाचे फुगे कितव्यांदा सोडते?" तासाभरात त्यांनी पेपर फोडला. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर यायच्या आत वहीत 'संभाव्य प्रश्न' तयार. नाव घेतलं की वळणे. बोट दाखवलं की तिकडे बघणे. बाहुलीचा वाढदिवस करणे, केक आपणच न खाता सगळ्यांना देणे. फुगे संपले की बाईंकडे बघून अजून मागणे.

पुढची तारीख पंधरा दिवसांनी होती. सरांनी दहावीचा क्लास अर्धा तास उशिरा ठेवला आणि तनूची सराव परीक्षा सुरू केली. सर परीक्षक, मी बाहुली आणणार. "तनू!" तनू वळे. "शाब्बास. उशीर झाला अर्धा सेकंद." सगळ्यांत अवघड प्रश्न डोळ्यांत बघण्याचा. तनू बघेचना. सर तिला म्हणाले, "डोयात पाहाचंच नाही. भुवयांच्या मधात पाहाचं. समोरच्याले समजत नाही. मनात एक, दोन, तीन म्हणाचं, मंग घड्याळाकडे पाहाचं." तनूला ते लगेच जमलं. मला केवढं कौतुक वाटलं! मनात म्हटलं, काय शिकवतो हा माणूस. मी देवाला नारळ बोलले.

परीक्षेच्या दिवशी तनूने कमाल केली. मी कोपऱ्यात बसून बघत होते. नाव घेतलं, वळली. बाहुलीला केक भरवला, मॅडमना दिला, मला दिला, नसलेल्या माणसांनाही दिला. मॅडमच्या कपाळाकडे बघून ओठ हलवले, मग भिंतीकडे. मॅडमनी लिहिता लिहिता मध्येच पेन थांबवलं, परत लिहायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, "आई, तुम्ही सांगितलं ते, शाळेने लिहिलंय ते आणि मी आज बघितलं ते, तिन्ही जुळत नाहीत. मला आज रिपोर्ट देता येणार नाही." मी बाहेर येऊन सरांना सांगितलं, सगळं आलं तिला, पण रिपोर्ट नाही म्हणतात. सर म्हणाले, "सगळं आलं ना? मंग रिपोर्ट कायले पायजे? मेरिट!" आणि बाकावरच्या सगळ्या आईबापांना घरून आणलेली संत्री वाटली.

अकोल्याच्या बसस्टँडवर तनू बाकाखाली शिरली. आधी गप्प, मग जे ओरडायला लागली ते थांबेचना. डोकं फरशीवर आपटू लागली, मी हात मध्ये घातला तर चावली. माणसं जमली. कोणी पाणी, कोणी सल्ला. "भूत लागलं का जी?" एक म्हातारी म्हणाली. सरांनी कानटोपी काढून तनूच्या डोक्याखाली सरकवली, लोकांना "हटा, हवा येऊ द्या" करून मागे सारलं, आणि पांढऱ्या शर्टानिशी सरळ त्या बाकाखाली आडवे झाले. तिला हात लावला नाही. दोन गाड्या सुटल्या. हळूहळू तनूचं ओरडणं हुंदक्यांवर आलं. सर बाकाखालूनच म्हणाले, "थकली ते. सकाळपासून मोजून राहिली. मले माहीत आहे कसं होते." मग म्हणाले, "चुकलं ताई. मले हे शिकवाले नव्हतं पायजे."

तनू उठल्यावर आम्ही रिक्षा करून परत मॅडमकडे गेलो. सरांच्या पाठीला बसस्टँडची सगळी धूळ. दारातूनच म्हणाले, "मॅडम, तो पेपर रद्द करा. मी फोडला होता." आणि वही टेबलावर ठेवली. मॅडमनी पानं चाळली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "भुवयांच्या मध्ये बघायचं, तीन मोजायचे. हे कुठल्या आईबापांनी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. ते माझंच आहे."

"म्हणजे?"

"चौथीत काढलं. मास्तर म्हणे डोयात पाहून बोल, अन् नाही पाहिलं की हाणे. मंग मी हे शोधलं. मंग नाही हाणलं कोणी."

"अजून मोजता?"

सरांनी भिंतीकडे बघितलं. "आत्ता तुमच्याशी बोलून राहिलो तरी मोजूनच राहिलो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नका मोजू," म्हणाल्या, "खिडकीकडे बघून बोला, मला चालेल." आणि सर खिडकीकडे बघून बोलले. कधी नव्हे ते पाऊण तास. त्यात बराचसा भाग अकोल्याच्या गाड्यांच्या वेळांविषयी होता, पण मॅडमनी सगळं ऐकलं.

तनूला दोन महिन्यांनी परत बोलावलं, काहीही न शिकवता. ते दोन महिने सरांना फार जड गेले. जिन्यात तनू दिसली की तोंडावर हात ठेवून भिंतीला चिकटत, न जाणो एखादं उत्तर निसटायचं. या वेळी तनूने केक कोणाला दिला नाही. ऑटिझमचा रिपोर्ट मिळाला. मी रडले. सर म्हणाले, "रडता काहून? कागद खरा आहे." शाळेने शब्द पाळला, तनूला वेगळ्या बाई दिल्या. आता घंटा होण्याआधी त्या बाई तिला बाहेर नेतात आणि तनू फाटकापर्यंत पळत नाही. शाळा तीच राहिली.

सरांचीही तपासणी झाली. मॅडम म्हणाल्या, लहानपणी बघितलेलं कोणीतरी हवं. आईवडील नाहीत, म्हणून शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग बघणाऱ्या थोरल्या भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता. भाऊ म्हणाला, "त्याले काय तपासता जी? तो असाच आहे. पाहुणे आले की झाडावर चढून बसे. फळं मोजे. जेवाले उतरवाले मलेच जा लागे." मागे बागेतल्या पाखरांचा आवाज होता. "आमी सगळ्यायनं लय हाणलं मॅडम त्याले. सुधरावं म्हणून." सर खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "दादा हाणे कमी. उतरवाले तोच ये." जे खरं ते खरं.

त्यांचाही रिपोर्ट आला, तनूसारखाच. एसटीत त्यांनी तो दोनदा वाचला, शेवटच्या पानावरच्या आकड्यांची बेरीज करून बघितली, बरोबर निघाली तेव्हा घडी घालून खिशात ठेवला. बडनेरा आलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले वाटे, सगळ्यायले असंच मोजा लागते. फक्त त्यायले जमते अन् मले मेहनत पडते."

आता सर कोणाशीही बोलताना भिंतीकडे, दाराकडे, आभाळाकडे बघून बोलतात. गल्ली म्हणते, सर म्हातारपणी माजले. माझी आई गावाहून फोनवर विचारते, "पोरगी सुधारली का गं?" तिला मी सांगते, आता शाळेतून आली की पूर्वीसारखी कॉटखाली शिरत नाही, दमलेली नसते. आईला ते उत्तर पुरत नाही. मला पुरतं. परवा संध्याकाळी क्लास सुटल्यावर सर ओसरीत बसले होते. एकटे, कानांत कापूस. डबा ठेवला आणि सहज विचारलं, "सर, दमलात का?" त्यांनी एका कानातला कापूस काढला. मग दाराच्या कडीकडे बघत म्हणाले, "हे मले कोणी इचारलं नव्हतं."

मी वर आले. भाजी फोडणीला टाकायची होती, पण जराशी तशीच उभी राहिले.