कावळ्याला दिलेला शब्द

अश्लेषाच्या दहाव्याला नरसिंहपूरच्या संगमावर कावळे पुष्कळ होते, पण पिंडाला एकही शिवेना. घाटावरच्या झाडावर बसून ते नुसते खाली बघत होते. लग्न न झालेली, पुण्यात नोकरी करणारी मुलगी. तिची कोणती इच्छा राहिली असेल याचा अंदाज बांधत नातेवाईक एकेक शब्द देत होते. मावशीनं सांगितलं, तुझी स्कूटर विकणार नाही. मामानं तिच्या नावानं शाळेत बक्षीस ठेवायचं कबूल केलं. ऊन चढत गेलं. लोक घड्याळं बघायला लागले.

नावाडी बिरू बाजूला उभा होता. तो म्हणाला, "आठवा श्रीपादराव. लेकीचं कायतरी मोठं ऱ्हायलंय. असलं बारीकसारीक त्याला चालत न्हाय."

श्रीपादरावांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुला एकटीला प्रागला जायचं होतं. मी नाही म्हणालो. आता तुझी आई जाईल. तू म्हणत होतीस तशीच, पाठीवर सॅक घेऊन, एकटी."

कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला. सगळ्यांनी डोळे पुसले. इंदिराबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या इंदिराबाईंनी त्याच वेळी मनात वेगळाच शब्द दिला होता: तुझ्या बाबांना मी खरं सांगेन. त्यामुळे कावळा कुणाच्या शब्दाला उतरला, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

खरं होतं ते एवढंच. अश्लेषा तापानं आजारी म्हणून बारामतीला घरी आली होती. रविवारी ताप उतरला. त्याच दिवशी बावड्याला थोरल्या दिरांच्या, म्हणजे तात्यांच्या मुलाचा, अनयचा साखरपुडा होता. ताप गेला, आता काय, चला, असं श्रीपादराव म्हणाले. भावाच्या घरचं कार्य, न जाऊन कसं चालेल. साखरपुड्यात ती भिंतीला टेकून बसून होती. दुसऱ्या दिवशी पहाटे हातपाय गार पडले, तेव्हा हॉस्पिटलात नेलं, पण उशीर झाला होता. डेंग्यू होता. श्रीपादराव खाली औषधं आणायला गेले असताना डॉक्टरांनी इंदिराबाईंना सांगितलं, या आजारात ताप उतरतो तीच वेळ धोक्याची असते. रविवारी आणली असती तर वाचली असती. श्रीपादरावांना हे माहीत नव्हतं. हॉस्पिटलनं मुलगी मारली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. इंदिराबाई गप्प राहत.

बारामती ते लासुर्णे एवढाच त्यांचा एकटीचा प्रवास. लासुर्ण्याच्या शाळेत त्या क्लार्क होत्या. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, खिडकीतून ऊस. आता त्यांना व्हिसा काढावा लागला. शाळेतल्या बायकांनी बूट निवडून दिले. नणंद म्हणाली, वहिनी, आमच्या नशिबात कुठलं हो परदेश! मग तिनं जीभ चावली. प्रागनंच सगळं फिटलं तर मनात दिलेला दुसरा शब्द आपोआप सुटेल, या एका आशेवर इंदिराबाई विमानात बसल्या.

प्राग सुंदर होतं आणि त्याचा त्यांना राग आला. जुन्या चौकातल्या घड्याळासमोर लोक माना वर करून उभे होते, त्याही राहिल्या. पुतळ्यांच्या पुलावरून त्या रोज गेल्या आणि रोज परत आल्या. खाली नदीत राजहंस पाव खात होते. दगडी रस्त्यांनी गुडघे धरले. सॅकच्या पट्ट्यांखाली खांदे सोलवटले, तरी सॅक खोलीवर ठेवायला त्या तयार नव्हत्या, कारण शब्द पाठीवर सॅक घेऊन असा होता.

हॉस्टेलच्या खोलीत बायकांसाठी रेल्वेच्या डब्यासारखे एकावर एक पलंग होते. वरच्या पलंगावरची कोरियन मुलगी अश्लेषाच्याच वयाची. ती रोज सकाळी विचारी, आज कुठे? आणि इंदिराबाईंचा फोटो काढून देई. या वयात एकट्या फिरता म्हणून खोलीतल्या पोरींना त्यांचं भारी कौतुक. इंदिराबाई थालीपीठ मोडून सगळ्यांना वाटत.

शेजारच्या पलंगावर ग्रासिएला होती. अर्जेंटिनाच्या उत्तरेकडची, साठीची, निवृत्त नर्स. तिचं इंग्रजीही इंदिराबाईंच्याइतकंच मोडकं, म्हणून दोघींचं जमलं. एका संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर ग्रासिएलानं विचारलं, मुलं किती? एक मुलगी होती, असं सांगताना इंदिराबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. ग्रासिएला सरळ होऊन बसली. तिच्या गावी दर उन्हाळ्यात वॉर्ड याच आजारानं भरत.

"ताप उतरला तेव्हा कुठे होती ती?" तिनं विचारलं.

घाटावरच्या एवढ्या माणसांपैकी कुणी हे विचारलं नव्हतं. इंदिराबाई म्हणाल्या, "साखरपुड्यात."

"कोणी नेलं?"

"नवऱ्यानं."

"त्याला माहीत आहे?"

इंदिराबाईंनी नाही म्हणून मान हलवली. ग्रासिएलानं त्यांचा हात धरला नाही की त्यांना समजावलंही नाही. वॉर्डात नातेवाईकांना विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "मग तुम्ही कुणाला वाचवताय?"

त्या रात्री इंदिराबाईंना समजलं, की प्रागनं काही फिटलेलं नाही. उरलेले दिवस त्यांनी तरीही पुरे केले.

बारामतीला घरी पोचल्या तेव्हा श्रीपादराव कितीतरी दिवसांनी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी चहा केला. दिलेला शब्द पाळला गेला म्हणून उद्या जवळच्या माणसांना जेवायला सांगितलं होतं. आचारी ठरला होता, बावड्याहून तात्या, अनय आणि त्याची बायको येणार होते. "सुटली ती, इंदिरा," ते म्हणाले. "तू सोडवलीस."

इंदिराबाईंनी कप खाली ठेवला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. ताप उतरला तो दिवस. रविवार.

श्रीपादरावांनी आपला कपही खाली ठेवला. मग म्हणाले, "तिला नेसायला साडी कुणी काढून दिली?"

"मी."

"ती उठत नव्हती. अंगात त्राण नाही म्हणत होती. तेव्हा मीच म्हणालो, मग राहू दे तिला. तू काय म्हणालीस?"

इंदिराबाई म्हणाल्या, "तात्यांना काय वाटेल."

"हो. आणि तू तिचे केस विंचरून दिलेस."

ते उठून आत गेले. जेवण रद्द करू का, असं इंदिराबाईंनी दारातून विचारलं. आचाऱ्याला सांगून झालंय, एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी माणसं जेवायला बसली. अनयच्या बायकोनं प्रागचे फोटो बघायला मागितले आणि फोन पंक्तीतून हातोहात फिरला. श्रीपादराव वाढत होते, इंदिराबाईही वाढत होत्या. मसालेभात सुरेख झाला होता. तात्यांनी पानावरचा हात थांबवून समाधानानं म्हटलं, "चला, पोर सुटली एकदाची."

दोघांपैकी कुणीच हो म्हणालं नाही. श्रीपादराव आमटीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळले.