‘चालते’ म्हणले

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. दादाजवळ तर नाहीच — आणि आता दादा राहिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की ऐनवेळी भलतंच काहीतरी निघतं. मोसंबीचं, लाइटीचं, कुणाच्या पोरीच्या लग्नाचं. असं किती वेळा झालं, आता आठवतही नाही.

आष्टीपासून थोडं आत आमचं गाव. माझ्याकडं एक पिकअप होता — जुना, माझ्याआधी दोघांनी वापरलेला. मोसंबी, सोयाबीन, मंडपाचं सामान, जे मिळेल ते वाहायचो. गाडीत काही बिघडलं की रशीदभाईंकडं न्यायची. गावाच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज — चार पत्रे आणि एक खड्डा, पण तालुक्यातून लोक यायचे. ते दादाचे दोस्त, पहिलीपासून एका बाकावरचे. मला लहान भावासारखंच वागवायचे. म्हणजे शिव्याही हक्कानं द्यायचे.

त्या वर्षी आमच्या घरात रेशीम आलं. ते आणलं वहिनींनी — दादाच्या बायकोनं, मंगल वहिनींनी. दादा म्हणाला होता, अळ्या पाळून कुणाचं भलं झालंय? वहिनींनी ऐकलं नाही. कुठं जाऊन शिकून आल्या, तुती लावली, शेड उभं केलं. दिवसातनं तीन-चार वेळा पाला कापून घालायचा, पाहुण्याला जेवायला घालावं तसा. पहिली बॅच तयार झाली तेव्हा त्यांनी मला हाताला धरून शेडमध्ये नेलं. जाळ्या पांढऱ्याशुभ्र कोषांनी भरल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, हे जालन्याला तुमच्याच गाडीतून जाणार. आन् मी बी येणार बाजार बघायला.”

मी म्हणालो, “येणारच की.” आणि गावभर सांगत सुटलो — वहिनींचा पहिला माल माझ्या गाडीतून जाणार.

आणि नेमका त्याच आठवड्यात स्टेअरिंगला प्ले आला. म्हणजे स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ताच नसायचा. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडं ओढायची, खड्ड्यात गेली की खालून टकटक आवाज. आदल्या दिवशी दुपारी मी ती रशीदभाईंकडं नेली.

त्यांनी गाडी उभी करायला लावली, गोणपाट अंथरलं आणि खाली शिरले. मी वर स्टेअरिंग धरून. “हलव. डावीकडं. आता उजवीकडं. थोडंच. पुन्हा.” त्यांनी खाली प्रत्येक सांध्यावर तळवा ठेवून बघितलं. मग जॅक लावून चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून हिसडलं. मग मला म्हणाले, “इकडं ये. हात लाव.”

मी खाली सरकलो आणि त्यांनी दाखवलं तिथं हात ठेवला. चाक वळवणारा जो दांडा असतो, टाय रॉड, त्याच्या टोकाला वाटीत बसलेला एक गोळा असतो. वरचं रबर फाटलेलं, ग्रीस सगळं गेलेलं, आत माती. पडायला आलेला दात जिभेला लागावा तसा तो सांधा माझ्या तळव्याखाली हलत होता.

मग ते बाहेर आले. हात पुसले. आणि मला जे सांगायचं ते सांगितलं.

काय सांगितलं — जरा थांबा. सांगणार आहे. ते सांगायलाच बसलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोण्या भरल्या. वहिनी नवं लुगडं नेसून तयार. पुढं बसताना एक पाय गाडीत, एक जमिनीवर — असं थांबून त्यांनी विचारलं, “काल रशीदभाऊंना दाखवली ना गाडी? काय म्हणले?”

मी म्हणालो, “चालते म्हणले.”

एवढंच. दोन शब्द. त्या निश्चिंत झाल्या, आत बसल्या आणि दार ओढून घेतलं.

परतूरपर्यंत त्या बोलतच होत्या. पुढच्या बॅचला शेड वाढवायचं, दादाला आता बोलायला तोंड राहणार नाही, असं सगळं. वाटूरच्या अलीकडं एक उतार आहे, तिथं समोरून ट्रक आला म्हणून मी गाडी जराशी बाजूला घेतली. आणि स्टेअरिंग हातात मोकळं झालं. तसं कधी झालंय का तुमच्या हातात? मी फिरवत होतो आणि ते फिरत होतं — सहज, हलकं, जत्रेतल्या खेळण्यातल्या गाडीसारखं — आणि गाडी तिच्या मनानं रस्ता सोडून निघाली होती. ब्रेक दाबला. डावी बाजू बाभळीच्या खोडावर गेली. दार आणि खोड यांच्यामध्ये वहिनींचा डावा हात.

गोण्या फुटल्या होत्या. रस्ताभर कोष. माणसं धावत आली ती त्या कोषांवरून, आणि पायाखाली ते कुरकुर वाजत होते. वहिनी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला लागलं का?”

मला खरचटलंही नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत दादा पोचला. हात कापावा लागला नाही, पण कोपरापासून खाली त्याच्यात काही राहणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. दादा खाटेजवळ उभा. मला म्हणाला, “काल तर दाखवली होती ना गाडी?”

मी तोंड उघडणार होतो. खरं सांगतो — उघडणार होतो? आज मला तेही खात्रीनं सांगता येत नाही. तेवढ्यात वहिनीच बोलल्या, डोळे मिटलेले, आवाज खोल गेलेला. “रशीदभाऊंनी बघितली व्हती. चालते म्हणले. मी इचारलं ना निघताना.”

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

आमच्या वहिनी कधी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत. माझ्या तोंडून तो शब्द आला असता तर कुणी उलटून विचारलंही असतं. त्यांच्या तोंडून आला, आणि तो खरा ठरला.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई डबा घेऊन आले. ते वऱ्हांड्यात दिसले आणि दादानं त्यांची कॉलर धरली. “तू चालते म्हणलास?”

“कोण म्हणलं असं?”

“मंगल म्हणली. ती खोटं बोलंल का?”

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दादाच्या मागं, दोन हातांवर उभा होतो. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, मी तो वाचायला लागलो. सगळा वाचला. महिने, डोस, सगळं. ते अजून बघतच होते.

मग त्यांचा आवाज आला. “न्हाई. वहिनी खोटं न्हाई बोलणार.”

दादानं त्यांच्या तोंडात मारली. सगळ्या वऱ्हांड्यासमोर. त्यांनी खाली पडलेली टोपी उचलली, डबा बाकावर नीट ठेवला आणि गेले.

आता सांगतो ते काय म्हणाले होते.

ते म्हणाले होते, “बाळू, ही गाडी इथून हलवू नको. हा गोळा कधी वाटीतून सुटंल सांगता येत न्हाई. चावी ठेव इथं. जालन्याहून पार्ट मागवतो, उद्या सांजच्याला बसवून देतो.” मी म्हणालो, कोष निघालेत, उद्या गेलेच पाहिजेत, राहिले तर पाखरू कोष फोडून बाहेर येईल. तर म्हणाले, “मंग माझ्या मेव्हण्याचा टेम्पो आहे ना. आत्ता फोन लावतो. माल त्याच्यात जाऊ दे.” आणि वर म्हणाले, “ह्या गाडीत माणूस तर बिलकुल बसवू नको.”

म्हणजे दुसरी गाडी होती. ऐकलंत ना? मला अडचण नव्हती, नाइलाज नव्हता. फक्त एवढंच होतं, की वहिनींचा माल माझ्या गाडीतून जाणार असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. मी रशीदभाईंना म्हणालो, “बरं, हळूहळू घरापर्यंत नेतो, सकाळी आणून लावतो.” त्यांनी चावीसाठी पुढं केलेला हात तसाच राहिला. मी चावी खिशात घातली.

असं वाटेल की मी नुसता गप्प बसलो. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला तसंच सांगितलं. पण तसं नाही.

महिनाभरानं मी ती गाडी ओढून परतूरला नेली, एका अनोळखी मिस्त्रीकडं. त्यानं दोन्ही बाजूंचे सांधे खोलले. पिन काढली, नट सैल केला, बाजूनं हातोडीचे दोन ठोके मारले आणि उरलेला तुकडा खाली पडला. नवाही तेवढाच आत बसावा म्हणून जुना काढताना त्याचे आटे किती फिरले ते तो मोठ्यानं मोजत होता. मग मला म्हणाला, “वर बसा, स्टेअरिंग हलवा.” मी हलवलं. डावीकडं. उजवीकडं. गोळा जागच्या जागी वळत होता, पोकळ असं काही राहिलं नव्हतं. अर्ध्या दिवसाचं काम.

जुना तुकडा त्यानं माझ्या हातात ठेवला. “हे बघा. पार घासलेला. आंधळ्यालाबी हाताला कळंल. कुणी दाखवली न्हवती का आधी?”

तिथं मला कोण ओळखत होतं? ‘राहून गेलं’ म्हणालो असतो तरी चाललं असतं. काहीच म्हणालो नसतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “दाखवली होती. आमच्या गावच्या मिस्त्रीला. रशीद. चालते म्हणला.”

नाव घेऊन म्हणालो. ‘भाई’ही लावलं नाही.

मिस्त्रीला मिस्त्री ओळखतो. बात फिरली. आधी बाहेरगावच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, मग गावातल्या. काही लोकांनी त्यात त्यांचा जात-धर्मही घातला. जे बोललं गेलं ते इथं सांगत नाही, पण मी ते पारावर बसून ऐकलं आहे, आणि उठून गेलेलो नाही. दोन पावसाळ्यांत गॅरेजचे पत्रे निघाले. रशीदभाई घरीच बसून फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागले. चाकं असलेलं काही ते पुन्हा हातात घेत नाहीत.

रेशीम बंद झालं. एका हातानं पाला कापता येत नाही.

गेल्या वर्षी दादा गेला. त्या दिवशी रशीदभाई आले होते. लांब लिंबाखाली उभे राहिले, पुढं आले नाहीत, आणि सगळे पांगल्यावर निघून गेले. वहिनींनी ते बघितलं असावं. कारण पुढं ईद आली तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, “भाऊजी, गाडी काढा. रशीदभाऊंकडं जायचंय.”

मी विचारलं, “कशाला?”

“बस झालं आता. माणसानं किती दिवस मनात धरायचं?”

मी गाडी काढली. काही कारण सांगून टाळता आलं असतं, ते का सुचलं नाही कोण जाणे. रशीदभाईंच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो. त्यांच्या सुनेनं शिरखुर्मा आणला. वहिनींनी वाटी उजव्या हातानं घेऊन खाली ठेवली — डावा हात पदराखाली असतो, नेहमीच. आणि सरळ म्हणाल्या, “रशीदभाऊ, तुमच्याकडनं जे झालं ते झालं. मुद्दाम थोडंच केलं तुम्ही? ह्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिलं, पण मी मनातनं काढलं. मी तुम्हाला माफ केलं. एवढंच सांगायला आले.”

मी वाटीत चमचा फिरवत होतो. बोलायला पाहिजे होतं ते तिथं. त्या क्षणी. दोघं समोर होते, तिसरं कुणी नव्हतं, दादाचाही धाक नव्हता आता. अजून काय पाहिजे असतं माणसाला?

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. दोन्ही हात जोडून ते वहिनींना म्हणाले, “वहिनी, तुम्ही आपणहून घरी आल्या. मेहरबानी तुमची. हातावर शेकायला काही करता का? थंडीत दुखत असंल.”

“दुखतो की,” वहिनी म्हणाल्या.

मग ते माझ्याकडं वळले. “बाळू, घे की. थंड व्हायलंय.”

मी घेतलं. सगळं संपवलं. सून विचारायला आली तेव्हा ‘चांगला झालाय’ म्हणालो.

परत येताना वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “हलकं वाटलं बघा. तुम्हीबी बरं केलं सोबत आलात.”

मी हो म्हणालो.

वहिनी अजून आहेत. रशीदभाई आहेत. दोघांच्या घरांत गाडीनं पाच मिनिटांचं अंतर आहे, आणि माझं घर मध्ये येतं.