चुकीचं तरी कसं सांगायचं?

मोठ्या लॉन्ड्रीत सगळे तिला मावशी म्हणत. ओल्या जिन्यावरून ती मागच्या मागे पडली, डोकं आपटलं आणि जगातले वास गेले. साबण, ओल्या चादरी, नवऱ्याचा शर्ट, सगळं काचेपलीकडे असल्यासारखं झालं. तिचं काम ड्रायक्लीनिंगच्या मशीनवर. त्यातलं औषध गळलं तरी आता नाकाला पत्ता लागणार नव्हता. तिने दुसरं काम मागितलं, तर मुकादम म्हणाला, "काम टाळायचंय, म्हणून नाक बंद!" शेवटी तिला तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या लिहितील ते खरं.

वाटेत नवऱ्याने कानमंत्र दिला. "वास ओळखायला लावतील. सगळी उत्तरं चुकीची दे. एक जरी बरोबर आलं, तर म्हणतील येतोय वास."

"अहो, पण चुकीचं सांगायला बरोबर काय ते कळायला नको?"

नवरा थबकला. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

खोलीची खिडकी बंद होती. डॉक्टरबाई वास भरलेल्या एकेका जाड पेनाचं टोपण काढून ते नाकाखाली धरत आणि चार नावं वाचत.

"संत्रं, कांदा, चामडं, गुलाब?"

"काहीच नाही, बाई."

"तरी एक नाव घ्यायचंच. अंदाजाने."

न आलेल्या वासाला नाव द्यायचं म्हणजे न भेटलेल्या माणसाची चुगली करण्यासारखं. तरी ती ठोकत गेली. चामडं. लिंबू. मासळी.

"काही बरोबर आलीत," शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशी ताडकन उठली. "देवाशपथ, एकही वास आला नाही! चुकून लागलं असेल!"

"तेच तर. न कळता चारांतलं एक उचललं, की अधूनमधून बरोबर लागतंच. वास येत असून लपवणारा मात्र बरोबर उत्तर नेमकं टाळत जातो. तुमचं नाक खरंच गेलंय. तसंच लिहिते. त्या मशीनवर ठेवू नका, हेही लिहिते."

बाहेर बाकावरून नवरा उठला. "सगळी चुकली ना?"

"काही बरोबर आली."

त्याचा चेहरा पडला.

"अहो, नाक गेलंय माझं! खरंच गेलंय!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"हळू बोल, चारचौघांत माझं नाक कापशील."

"तुमचं जपा हो. घरात आता तेवढं एकच चालतंय."

फाटकापाशी तिच्या लक्षात आलं, वास परत येईल का, हे विचारायचंच राहिलं. ती क्षणभर थांबली.

"जाऊन विचारू?" नवरा म्हणाला.

"राहू दे. आज एवढं पुरे."