वीस मिनिटं पुढं

इथं आखातात, फिंतासला आमच्या इमारतीत कुसुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, माझं चौथ्यावर. तिच्या हॉलमधलं घड्याळ कायम वीस मिनिटं पुढं असायचं. नवखा पाहुणा दचकून चहा अर्धा टाकून उठायचा. आम्ही जुनेजाणते मनातल्या मनात वजाबाकी करून निवांत बसायचो. त्या घड्याळाचा धाक असा कुणालाच नव्हता, एक कुसुम सोडून.

ती परभणीची, इथल्या एका इस्पितळात नर्स. नवी असताना एकदा तिची ड्यूटीची बस चुकली. वॉर्डात सगळ्यांसमोर सुपरवायझरनं जे सुनावलं, ते तिच्या मनाला कायमचं लागलं. त्या दिवसापासून घड्याळ पुढं. कुकरची शिटी, नवऱ्याचं, म्हणजे हरीशचं, राई भागातल्या गोदामात कामाला जाणं, सगळं तिच्याच वेळेवर चालायचं. "घड्याळ पुढं असलं की माणूस मागं पडत नाही," असं ती म्हणायची. मला हे खूळ वाटायचं आणि तसं मी तिला तोंडावर सांगायचे.

मग तिच्या लेकीला, अक्षदाला, शाळेत एका संशोधकावर प्रकल्प करायचा होता. तिनं निवडला बेंजामिन बॅनेकर. अमेरिकेत काळ्या माणसांना बाजारात विकत होते, त्या काळातला हा काळा शेतकरी. स्वतः मात्र स्वतंत्र. विशीत त्यानं कुणाचं तरी खिशातलं घड्याळ मागून आणलं, उघडून एकेक भाग कागदावर उतरवला आणि तशीच चाकं लाकडात कोरली, असं सांगतात. त्याचं ते लाकडी घड्याळ पुढं कित्येक वर्षं टोले देत होतं.

अक्षदानंही हरीशनं आणलेल्या खोक्यांच्या फळ्या कापून, मोडून, पुन्हा कापून एक घड्याळ चालतं केलं. भिंतीवरचं जुनं उतरलं, हे चढलं. एवढ्या कष्टानं केलेलं घड्याळ खोटं बोलणार नाही, असं पोरीचं म्हणणं. कुसुम काटा पुढं सरकवायची, अक्षदा शाळेतून आली की मागं आणायची. "ममा, इट्स राँग," एवढंच बोलायची. मायलेकींच्या या ओढाताणीत हरीशनं भिंतीकडं बघणंच सोडून दिलं.

यंदा अक्षदाला पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला. ती जायच्या दुपारी मी लाडवांचा डबा घेऊन खाली गेले. बॅगा दाराशी होत्या. विमानतळाला निघायची वेळ कुसुमनंच, तिच्या रीतीप्रमाणे, गरजेपेक्षा बरीच आधीची ठरवली होती. भिंतीवर पाहिलं तर निघायला अवकाश होता. मनगटावर पाहिलं तर वेळ होऊन गेली होती. लाकूड दमलं असेल, असं आधी वाटलं. मग भिंतीखाली ओढलेलं स्टूल दिसलं, आणि ओट्यापाशी पाठमोरी, पुसलेलीच भांडी पुन्हा पुसणारी कुसुम. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काटा मागं नेला होता. लेक जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

अक्षदानं फोन पाहिला, मग भिंतीकडं पाहिलं. हरीश काही बोलणार, तोच तिनं त्याचा हात दाबला. फोन पालथा ठेवून ती सोफ्यावर बसली.

"आई, अजून वेळ आहे," ती म्हणाली, चक्क मराठीत. "चहा टाक."

कुसुमनं आधण ठेवलं आणि गॅस बारीक केला.